बंदुकीची बातमी लिहिताना: जमा, जप्त आणि मधला माणूस

रात्री साडेनऊ वाजून गेलेले असतात, डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं पान सोडायला अर्धा तास उरलेला असतो आणि नेमकी तेव्हाच पोलिसांची प्रेसनोट व्हॉट्सॲपवर येते. सोबत एक फोटो असतो. टेबलावर पिस्तूल, शेजारी ओळीनं मांडलेली काडतुसं, मागे पथक आणि मध्ये तोंड झाकलेला एक तरुण. नवा वार्ताहर ती नोट जशीच्या तशी उतरवतो आणि वर ठळक मथळा चढवतो. नागपुरात डेस्कवर बसून मला २६ वर्षं झाली. या अर्ध्या तासात काय करायचं आणि काय टाळायचं, ते तालुक्याच्या वार्ताहरांसाठी आणि डेस्कवर नव्यानं आलेल्या मुलामुलींसाठी इथे लिहिते आहे. यातली पहिली गोष्ट मी माझ्याच चुकीतून शिकले.

माझे बाबा काटोल तालुक्यातले संत्र्याचे बागायतदार. त्यांच्याकडे एकनळी बारा बोअर बंदूक होती, रीतसर परवान्याची. बागेत रानडुकरं शिरली की रात्री एखादा बार हवेत काढायचा, एवढाच तिचा उपयोग. वर्षाकाठी दहाबारा काडतुसंही खर्च होत नसत. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी ठाण्यातून निरोप आला, बंदूक आणून जमा करा. बाबांनी ती चादरीत गुंडाळली, मोटरसायकलवर मागे बसून ठाण्यात नेऊन दिली आणि पावती घेतली. इतर परवानाधारकही आले होते. तिथे हजर असलेल्या वार्ताहरानं सगळ्यांचा एक फोटो काढला.

ती बातमी त्या रात्री माझ्याच पानावर आली. मजकुरात 'जमा' होतं. मथळ्यात मी 'शस्त्रे जप्त' लिहिलं. दोन्ही शब्द मथळ्यात सारखीच जागा घेतात, त्यामुळे जागेची सबबही मला सांगता येणार नाही. 'जप्त' जोरकस वाटला, म्हणून लिहिला. फोटो एका कॉलमात लहान करून लावला. त्यातल्या मागच्या रांगेत पांढरी टोपी घातलेले बाबा उभे आहेत, हे मला दिसलंसुद्धा नाही.

सकाळी सात वाजता त्यांचा फोन आला. "पोरी, जप्त म्हणजे काय व? काल मी स्वतः देऊन आलो ना?" चहाच्या टपरीवर त्यांना कुणीतरी विचारलं होतं, "काय झालं जी काका, पोलिसांनी बंदूक कशी काय नेली?" निवडणूक झाल्यावर बाकीच्यांनी बंदुका परत आणल्या. बाबा चार महिने ठाण्याकडे फिरकले नाहीत.

क्रियापद आधी तपासा

म्हणून बातमी हातात आली की पहिल्यांदा क्रियापद बघा. परवान्याचं शस्त्र निवडणुकीत ठाण्यात ठेवलं जातं, तेव्हा ते 'जमा' होतं. त्यात गुन्हा नसतो. कुणाकडून शस्त्र जमा करून घ्यायचं हे ठरवायला जिल्ह्यात छाननी समिती असते आणि आचारसंहिता संपल्यावर ते परत मिळतं. 'जप्त' हा शब्द गुन्ह्याच्या तपासात पोलीस पंचनामा करून शस्त्र ताब्यात घेतात तेव्हाचा. 'हस्तगत' हाही त्याच घरातला, फक्त सरकारी पोशाखातला. परवानाधारक मरण पावला की घरच्यांना ते शस्त्र ठाण्यात किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे ठेवावं लागतं, तेही 'जमा'. गडचिरोलीच्या बातम्यांत गावकरी भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायच्या बंदुका स्वतःहून आणून देतात. तिथे 'स्वेच्छेने जमा' लिहा, कारण स्वतःहून देणं हीच त्या बातमीतली खरी गोष्ट असते.

गोळीच्या क्रियापदांकडे याहूनही जास्त लक्ष हवं. मराठीत गोळी झाडली जाते, सुटते, लागते, घातली जाते आणि चालतेसुद्धा. 'झाडली' म्हटलं की झाडणारा आला आणि त्याचा हेतूही आला. 'सुटली' म्हटलं की हेतू गेला. 'गोळ्या घालून' हे खुनाचे शब्द आहेत. घटना रात्री आठला घडली आणि आपण साडेनऊला लिहितोय, तर यातलं नेमकं काय झालं हे तपास अधिकाऱ्यालाही माहीत नसतं. तेव्हा 'गोळी लागून जखमी' एवढंच लिहावं. 'बंदूक साफ करताना गोळी सुटली' हे वाक्य तर दरवेळी कुणीतरी सांगितलेलं असतं. कुणी सांगितलं ते लिहा: घरच्यांनी, जखमीनं की पोलिसांनी. सांगणाऱ्याचं नाव गाळलं की तो तपासाचा निष्कर्ष वाटायला लागतो.

इथेच 'मिसफायर'बद्दल सांगते. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी लागली, तेव्हा 'मिसफायर' हा शब्द दिवसभर सगळीकडे फिरत होता. बंदुकीच्या भाषेत मिसफायर म्हणजे चाप ओढला पण काडतूस फुटलंच नाही. आपण नेमका उलटा अर्थ छापतो. 'चुकून गोळी सुटली' हे साधं मराठी आहे आणि ते बरोबर आहे.

शस्त्राला त्याच्या नावानं हाक मारा

'देशी कट्टा', 'पिस्तूल', 'रिव्हॉल्वर', 'माऊजर' हे शब्द एकाच बातमीत अदलून-बदलून वापरलेले मी रोज बघते. एकच शब्द पुन्हा आला तर वाचकाला कंटाळा येईल, असं मुलांना वाटतं. शस्त्राच्या बाबतीत हा नियम सोडून द्या. कट्टा साधारणपणे एकाच नळीचा, मधून मोडून उघडायचा, एका वेळी एक काडतूस घेणारा. पिस्तुलाच्या मुठीत मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी जाते. रिव्हॉल्वरला फिरणारी चकरी असते. त्यामुळे प्रेसनोटमध्ये 'देशी कट्टा व मॅगझिन' असं दिसलं तर ठाण्यात फोन करा, दोन्हींतलं एक चुकलेलं असण्याची शक्यता दाट आहे.

हा फरक तपासाच्या बातमीत उपयोगी पडतो. पिस्तूल गोळी झाडल्यावर रिकामी पुंगळी बाहेर फेकतं. रिव्हॉल्वरच्या पुंगळ्या चकरीतच राहतात. घटनास्थळी तीन पुंगळ्या पडल्या आहेत आणि नोटमध्ये रिव्हॉल्वर लिहिलंय, तर मग एक चांगला प्रश्न तुमच्या हाती आला. 'घटनास्थळी तीन गोळ्या सापडल्या' हे वाक्यही अर्धवटच. काडतूस म्हणजे न झाडलेलं अख्खं. गोळी म्हणजे त्यातून सुटून जाणारा शिशाचा किंवा धातूचा भाग. पुंगळी म्हणजे मागे उरलेलं पितळी टरफल. यांतलं काय सापडलं?

'बारा बोअर' हा शब्द आपण आयुष्यभर लिहितो. एक पौंड शिशाचे सारख्या मापाचे बारा गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बेताचा बसेल, ती नळी बारा बोअरची. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून इथे आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. '.३२' हे मात्र इंचातलं माप आहे, साधारण आठ मिलिमीटर. तो टिंब मुद्रितशोधनात गळला की '३२ बोअरचं रिव्हॉल्वर' असं काहीतरी छापून येतं. टिंब सांभाळा.

मापावरून आणखी एक गोष्ट ठरते. काही बोअर सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळतच नाहीत, त्यांना 'प्रतिबंधित बोअर' म्हणतात. ९ मिलिमीटर आणि .३०३ त्यात मोडतात. .३२ चं रिव्हॉल्वर, .३१५ ची रायफल आणि बारा बोअर हे नागरी परवान्यावर चालतात. एखाद्या व्यापाऱ्याच्या घरी '९ एमएमचं परवानाधारक पिस्तूल' सापडल्याची नोट आली तर लगेच थांबा आणि विचारा.

जप्त पिस्तुलावर इंग्रजीत 'मेड इन यूएसए' कोरलेलं दिसलं म्हणून ते अमेरिकेत बनलं असं लिहू नका. गावठी कारखान्यात हे सर्रास कोरतात. 'पिस्तुलावर तसं कोरलेलं आहे' इतकंच लिहावं. आणि ते ज्या गावातून आलं असं पोलीस सांगतात तिथल्या अख्ख्या जमातीचं नाव मथळ्यात टाकू नये. चार कारागीर बेकायदा नळ्या घडवतात म्हणून त्यांच्या जमातीतल्या शाळकरी पोरानं आपलं आडनाव लपवावं का?

एअरगनच्या बातमीत तर हमखास घोळ होतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ इंचापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. तिच्यातून छर्रा सुटतो. छऱ्यानंही डोळा जाऊ शकतो, त्यामुळे घटना हलकी करू नका. पण 'भरवस्तीत गोळीबार' असा मथळा देऊन शहर हादरवूही नका.

आणि 'शस्त्र' म्हणजे बंदूकच असं धरून चालू नका. 'आर्म्स ॲक्टखाली', म्हणजे शस्त्र कायद्याखाली गुन्हा, असं आलं की कलम विचारा. ३/२५ (कलम ३ सह २५) असेल तर अग्निशस्त्र. ४/२५ असेल तर बहुधा तलवार, कोयता किंवा मोठा चाकू. आपल्या शहरात चाकूच्या कारवाईवर 'शस्त्रसाठा' हा मथळा मी अनेकदा कापला आहे. एका चाकूचा साठा होत नाही.

माणसाला काय म्हणायचं

मला सर्वांत जास्त खटकणारा शब्द 'बंदूकधारी'. बँकेच्या दारातला सुरक्षारक्षक बंदूकधारी, शाळेत घुसून मुलांना मारणारा बंदूकधारी आणि काटोलचे माझे बाबाही बंदूकधारी. हातात काय आहे यावरून माणसाला नाव दिलं की त्यानं काय केलं ते पुसलं जातं. ज्यानं हल्ला केला तो हल्लेखोर. ज्याच्यावर गुन्हा दाखल आहे तो आरोपी. ज्याच्या नावानं परवाना आहे तो परवानाधारक. राखण करतो तो रक्षक. हे चार शब्द असताना पाचवा लागतोच कशाला?

'शूटर' या शब्दाचंही तसंच. क्रीडापानावर स्वप्नील कुसाळे 'नेमबाज' असतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यानं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा मराठी दैनिकांनी हाच सुंदर शब्द वापरला. गुन्हे पानावर मात्र सुपारी घेऊन मारणारा 'शूटर' आणि जरा नेम लागला की 'शार्पशूटर'. नोव्हेंबर २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात टी-१ म्हणजे 'अवनी' वाघीण मारली गेली, त्या बातम्यांतही वनखात्यानं बोलावलेल्या खासगी शिकाऱ्यासाठी 'शार्पशूटर' वापरला गेला. त्या कारवाईवर आक्षेप घ्यायला भरपूर जागा होती आणि लोकांनी ते घेतलेही. पण सुपारीबाज आणि वनखात्यानं नेमलेला माणूस एकाच शब्दात बसवले की आक्षेपाची धार बोथट होते. त्याला कुणी नेमलं, कोणत्या आदेशानं, हातात कोणतं शस्त्र होतं, हे लिहिलं की वाचक स्वतः ठरवतो.

याचा अर्थ परवानाधारकाला झुकतं माप द्यायचं, असं मी म्हणत नाही. परवाना हा चारित्र्याचा दाखला नाही. ८ फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा फेसबुक लाइव्ह सुरू असताना खून झाला. मारणाऱ्यानं आपल्या अंगरक्षकाचं परवान्याचं पिस्तूल वापरल्याचं पोलिसांनी सांगितलं. अशा बातमीत परवाना कुणाच्या नावानं होता आणि शस्त्र दुसऱ्याच्या हाती कसं गेलं, हा मुख्य भाग आहे. तो सातव्या परिच्छेदात ढकलू नका. दरवेळी विचारा आणि दरवेळी वरच लिहा: परवाना होता का, कुणाचा, कुणी दिलेला, मुदत कधीपर्यंत. नागपूर शहरात आणि कामठीसारख्या आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात, काटोल-नरखेडसारख्या ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. परवाना पाच वर्षांचा असतो. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला सर्वसाधारणपणे दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, नेमबाज खेळाडूंना वेगळी सवलत आहे. घरात तिसरी परवान्याची बंदूक निघाली तर तिथे बातमी आहे. याच दुरुस्तीनं लग्नात, वरातीत आनंदाच्या भरात दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार करणं हा वेगळा गुन्हा केला, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा वरातीतल्या गोळीबाराला 'जल्लोष' म्हणू नका.

आत्महत्येच्या बातमीत शस्त्राचा प्रकार, नेम, जागा काहीही लिहायचं नाही. प्रेस कौन्सिलच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना तेच सांगतात. पद्धतीचं वर्णन नको, मथळ्यात नको, पहिल्या पानावर ठळक नको. खाली टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक द्यावा.

अमेरिकेची बातमी आली तर

एजन्सीच्या इंग्रजी मजकुरात 'गनमॅन' येतो आणि आपण 'बंदूकधारी' लिहून मोकळे होतो. आपल्याकडे गनमॅन म्हणजे पुढाऱ्याच्या संरक्षणाला दिलेला पोलीस. तिथला गनमॅन म्हणजे गोळ्या झाडणारा. 'हल्लेखोर' लिहा. 'अंदाधुंद गोळीबार' हाही हातासरशी येणारा शब्द, पण माणसं निवडून मारली असतील तर तो अंदाधुंद नसतो.

तिथल्या बातम्यांत वारंवार येणाऱ्या एआर-१५ रायफलीतला 'एआर' म्हणजे असॉल्ट रायफल नव्हे. तो आर्मालाइट या मूळ कंपनीच्या नावातून आला आहे. असोसिएटेड प्रेसनं २०२२ मध्ये आपल्या शैलीपुस्तिकेत 'असॉल्ट रायफल' आणि 'असॉल्ट वेपन' हे शब्द टाळून, चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सोडणाऱ्या रायफलीला 'सेमी-ऑटोमॅटिक रायफल' म्हणायला सांगितलं. मराठीत 'अर्धस्वयंचलित रायफल' लिहायला हरकत नाही. 'मशीनगन' लिहू नका. 'परवाना नसलेली बंदूक' हा आपला शब्दप्रयोगही तिथे जसाच्या तसा बसत नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगताच येत नाही. तिथे १७९१ च्या घटनादुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे आणि बऱ्याच राज्यांत घरी रायफल ठेवायला परवाना लागतच नाही. वाचकाला हे एका ओळीत सांगा, नाहीतर त्याला वाटतं तिथले पोलीस झोपा काढतात.

एक नोट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

परवा एका प्रशिक्षणार्थी मुलीसोबत बसून ही नोट सोडवली. तपशील बदलून देते आहे.

'गोपनीय बातमीदाराकडून मिळालेल्या माहितीवरून पथकाने सापळा रचून एका इसमास ताब्यात घेतले. त्याची अंगझडती घेतली असता कमरेस डाव्या बाजूला खोचलेले एक देशी बनावटीचे अग्निशस्त्र व मॅगझिनमध्ये दोन जिवंत काडतुसे असा एकूण एकावन्न हजार रुपयांचा मुद्देमाल मिळून आला.'

तिचा मथळा होता: 'शार्पशूटर जेरबंद, मोठा घातपात टळला'. मी तिला म्हटलं, बाळा, नोटमध्ये नेम कुठे आहे? घातपात कुठे आहे? ती पुन्हा वाचायला लागली. मग आम्ही एकेक शब्द धरला. मॅगझिन आहे, म्हणजे पिस्तूल. 'मिळून आला' म्हणजे तसं पोलिसांचं म्हणणं, ते त्यांच्याच तोंडी ठेवायचं. एकावन्न हजार ही किंमत पोलिसांनी धरलेली. बेकायदा पिस्तुलाचा भाव छापून आपण कुणाचं भलं करणार? ती काढली. कलम नोटमध्ये नव्हतं, तिनं फोन करून घेतलं: ३/२५. आधीचे गुन्हे आहेत का, असं विचारल्यावर ठाण्यातून 'बघून सांगतो' असं उत्तर आलं, म्हणून तिच्या मजकुरातला 'सराईत' हा शब्द गेला. कुणावर गोळी झाडली होती का? नाही. म्हणजे २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं खुनाच्या प्रयत्नाचं कलम १०९, पूर्वीचं ३०७, याचा संबंधच नव्हता.

शेवटी मथळा झाला: 'पिस्तूल बाळगल्याच्या आरोपावरून उत्तर नागपुरात तरुणाला अटक'. चार वाक्यांची बातमी, आतल्या पानावर. वेब आवृत्तीत कुणीतरी एके-४७ चं 'प्रतीकात्मक छायाचित्र' लावलं होतं, ते काढायला लावलं. फोटो खऱ्या शस्त्राचा असेल तर लावा. नसेल तर ठाण्याच्या इमारतीचाही चालतो.

चूक झालीच तर

खुलासा त्याच पानावर, त्याच जागी, त्याच आकारात द्या. मूळ चुकीचा शब्द आणि बरोबर शब्द, दोन्ही लिहा. 'अनवधानाने' वगैरे शब्द घालू नका, वाचकाला कारण नको असतं.

२०१४ मध्ये बाबांचा फोन आल्यावर मी संपादकांकडे गेले. तिसऱ्या दिवशी खुलासा छापून आला, तीन ओळींचा, नवव्या पानाच्या तळाशी, जाहिरातीच्या वर. मथळा मात्र तालुक्याच्या पानावर सगळ्यात वर होता. बाबा गेले तेव्हा त्यांची बंदूक मी स्वतः ठाण्यात नेऊन जमा केली. परवान्याची पुस्तिका उघडली, तर तो तीन ओळींचा कागद कात्रीनं कापून, नूतनीकरणाच्या शिक्क्याशेजारी चिकटवलेला होता.